व्हिडिओ कॉलवर लहान मुलांची ऑटिझम तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती साधारण १४ ते ३६ महिने वयाच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. मूल याहून मोठं असेल, सलग वाक्यांत बोलत असेल, तर तपासणीची पद्धत बदलते. खालची तयारी तेव्हा जशीच्या तशी लागू पडत नाही.

व्हिडिओ कॉलवर ऑटिझमचं निदान खरंच होतं, की नुसता अंदाज सांगतात?

पुष्कळ मुलांच्या बाबतीत ठाम निदान होतं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि एमआरआयमध्येही दिसत नाही. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या निकषांनुसार दोन बाजू पाहाव्या लागतात. एक, माणसांशी देवाणघेवाण: नजर, हावभाव, बोट दाखवणं, आपल्या आनंदात दुसऱ्याला ओढून घेणं. दुसरी, तेच तेच करत राहणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्याच गोष्टीचं वेड, आणि आवाज-उजेड-स्पर्श यांना फार तीव्र किंवा अगदीच थंड प्रतिसाद. पहिल्या बाजूच्या तिन्ही प्रकारच्या अडचणी (देवाणघेवाण, शब्दांविना संवाद, नाती जुळवणं) आणि दुसऱ्या बाजूच्या चारपैकी किमान दोन असाव्या लागतात. हे सारं बघून आणि विचारून कळतं. मूल आपल्या घरात, आपल्या माणसांत असेल तर उलट जास्त नीट कळतं. अनोळखी खोलीत बिथरून आईच्या खांद्यात तोंड खुपसलेलं मूल नजर देत नसेल, तर त्याचा अर्थ लावणं जाणत्या डॉक्टरांनाही जड जातं.

तपासणारी व्यक्ती मात्र लहान मुलांच्या विकासातली जाणकार हवी: डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, बालमानसोपचारतज्ज्ञ, मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट किंवा या कामाचं प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दहा मिनिटांच्या कॉलवर, मूल न बघता कोणी ‘ऑटिझम आहे’ किंवा ‘काही नाही, बोलेल हो’ असं सांगितलं, तर त्याला निदान समजू नका. दोन्ही उत्तरं सारखीच धोक्याची आहेत.

डॉक्टर स्क्रीनवरून मुलाशी खेळतात का?

नाही. खेळायचं तुम्ही. डॉक्टर बघतात आणि तुमच्या कानात सूचना देतात.

प्रत्यक्ष तपासणीत जगभर वापरली जाणारी एडॉस-२ ही चाचणी प्रशिक्षित तपासनीस स्वतः मुलाशी खेळून करतो. २०२० मध्ये कोविडमुळे मास्क आणि अंतर आलं, तेव्हा ती नियमाप्रमाणे करताच येईना. त्याच वर्षी अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने टेली-एएसडी-पेड्स ही पद्धत इतरांना वापरायला दिली. ती तीन वर्षांखालच्या मुलांसाठी, पालकांच्या हातून करून घेण्यासाठीच बांधलेली आहे. तिच्यातला खेळाचा भाग १५ ते २० मिनिटांचा असतो. बोसा ही पद्धतही त्याच काळातली. तीही अशीच, १२ ते १४ मिनिटांची. नोडा नावाच्या पद्धतीत थेट कॉलऐवजी घरचे व्हिडिओ पाठवतात. त्यात साधारण दहा-दहा मिनिटांचे चार प्रसंग लागतात: मूल एकटं खेळताना, इतरांबरोबर खेळताना, घरच्यांसोबत जेवताना, आणि पालकांना ज्या वागण्याची काळजी वाटते ते वागणं.

मुलाचा पूर्वेतिहास, तुमचे प्रश्न आणि निष्कर्षाचं बोलणं धरून एक ते दीड तास मोकळा ठेवा. हे दोन कॉलमध्ये विभागून घेतलं तर उत्तमच, कारण खेळ संपल्यावर मूल अर्धा तास शांत बसत नाही आणि तुमचं निम्मं लक्ष त्याच्याकडे राहतं.

कॉलआधी वीस प्रश्नांचा फॉर्म येतो. तो कसा भरायचा?

बहुतेक ठिकाणी तो एम-चॅट-आर असतो. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तरांचा. यात गडबड होते ती ‘कधीकधी करतो’ या उत्तराची. नियम असा की, एखादी गोष्ट मुलाने एक-दोनदा केली असेल पण एरवी करत नसेल, तर उत्तर ‘नाही’. मावशीच्या लग्नात एकदा बोट दाखवलं होतं, म्हणून ‘हो’ लिहायचं नाही.

२, ५ आणि १२ या प्रश्नांत ‘हो’ म्हणजे शंका (ऐकू येत नाही असं वाटणं, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवणं, रोजच्या आवाजांनी त्रासणं). बाकी सतरा प्रश्नांत ‘नाही’ म्हणजे शंका. एकूण ० ते २ गुण आले तर धोका कमी. मूल दोन वर्षांचं व्हायचं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर फॉर्म पुन्हा भरायचा. ३ ते ७ आले तर त्याच प्रश्नांवर खोलात जाऊन दुसरी मुलाखत घेतात आणि तीत २ किंवा जास्त गुण उरले तर पुढे पाठवतात. ८ किंवा त्याहून जास्त असतील तर मुलाखतीसाठी थांबायचं नाही, थेट पूर्ण तपासणी करायची.

ही चाळणी आहे, निदान नाही. फॉर्मवर ९ आले म्हणून रात्रभर रडू नका, आणि १ आला म्हणून मनातली खरी शंका दाबूही नका. मूल येत असलेले शब्द विसरलं असेल, तर फॉर्मचे गुण काहीही असोत, तपासणी कराच.

घरात काय काय तयार ठेवायचं?

नवी खेळणी विकत आणू नका. नव्या खेळण्यात मूल इतकं गुंगतं की माणसाकडे बघायचं राहून जातं. पाच-सहा वस्तू पुरतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेच्या हव्यात: चाकांची गाडी, चेंडू, काही ठोकळे किंवा एकात एक बसणाऱ्या वाट्या, बाहुली आणि तिला भरवायला भातुकलीतला चमचा, चित्रांचं पुस्तक, आणि साबणाच्या पाण्याचे फुगे. बटण दाबलं की गाणी म्हणणारी खेळणी खोलीतूनच बाहेर काढा. टीव्ही बंद. दुसरा मोबाइल नजरेआड.

एक वस्तू विसरू नका: घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी, मुलाला स्वतः उघडता येणार नाही अशी. तिच्यात आवडता खाऊ ठेवा, कुरमुरे किंवा बिस्किटाचे लहान तुकडे. शेंगदाणे, फुटाणे नकोत, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात. खाऊची बरणी कामाला यायची तर मूल नुकतंच पोटभर जेवलेलं नको. भुकेने कावलेलं किंवा झोपेला आलेलंही नको. दुपारच्या झोपेनंतरचा तास बहुतेक घरांत बरा पडतो.

फोन कुठे आणि कसा ठेवायचा?

सगळ्यात जास्त सत्रं इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

फोन हातात धरू नका. मूल जमिनीवर बसतं, तेव्हा फोनही खाली, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, आडवा. स्टँड नसेल तर डब्यांच्या चळतीला टेकवा आणि मागे जड पुस्तक लावा. अंतर दीड ते दोन मीटर, म्हणजे मुलाचा चेहरा, दोन्ही हात आणि समोर बसलेले तुम्ही, असं सगळं एका चौकटीत येईल. खिडकी फोनच्या पाठीमागे असावी. ती मुलाच्या पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो आणि नजर कुठे आहे ते कळत नाही. खोली लहान आणि दार लावलेलं बरं, नाहीतर निम्मा वेळ मूल चौकटीबाहेर जातं.

शक्य असेल तर फोनचा मागचा कॅमेरा वापरा. चित्र स्वच्छ येतं आणि मुलाला स्क्रीन दिसत नाही. डॉक्टरांचा आवाज ऐकायला एकाच कानात ब्लूटूथ इअरफोन घाला, पण आधी कॉल करून माइक कोणता चालू आहे ते बघा. इअरफोनचा माइक चालू असेल तर तुमचा आवाज मोठा जातो आणि मुलाचा जातच नाही.

अॅपच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बंद करा. एक म्हणजे पार्श्वभूमी धूसर करणं. त्यात मुलाची झटकली जाणारी बोटं पुसली जातात. दुसरी, आजूबाजूचा आवाज गाळणं. अॅपला मुलाचं एकसुरी गुणगुणणं पंख्याच्या घरघरीसारखं वाटतं आणि ते गाळून टाकतं, आणि डॉक्टरांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

सत्राच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांचा सराव कॉल करा, फोन पूर्ण चार्ज ठेवा, इतर कॉल येणार नाहीत अशी सोय करा. वीज जाणाऱ्या भागात वायफायवर विसंबू नका, मोबाइल डेटा शिल्लक ठेवा.

सत्रात मला नेमकं काय करायला सांगतील?

क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण साधारण असं.

आधी दोन-तीन मिनिटं मोकळा खेळ. तुम्ही जवळ बसायचं, शिकवायचं नाही. ‘हा कोणता रंग? काऊ कसा करतो?’ हे पूर्ण बंद. मग मूल खेळात असताना बाजूने किंवा मागून नाव घेऊन हाक मारायची, घरात ज्या नावाने बोलावता त्याच नावाने, नेहमीच्या आवाजात, मध्ये थोडं थांबत दोन-तीनदा. टाळी वाजवायची नाही, अंगाला हात लावायचा नाही, ‘बघ चॉकलेट’ म्हणायचं नाही. ही हाक डॉक्टर स्वतः मारत नाहीत, कारण स्पीकरमधून उशिराने येणाऱ्या अनोळखी आवाजाकडे मूल वळलं नाही तर त्यातून काहीच कळत नाही.

त्यानंतर लांबच्या वस्तूकडे, समजा भिंतीवरच्या घड्याळाकडे, बोट दाखवून ‘ते बघ!’ म्हणायचं. मूल बोटाच्या दिशेने बघतं का, की बोटाकडेच बघत राहतं, की कशाकडेच नाही? मग ओळखीचा अंगाशी येऊन खेळायचा खेळ: गुदगुल्या, पदराआडून ‘कुऽक’, तळहातावर बोट टेकवून ‘भुर्र’ उडवणं. दोन-तीनदा खेळून अगदी मजेच्या जागी थांबायचं. हात हवेत तसाच ठेवायचा आणि मनात पाच अंक मोजायचे. साबणाच्या फुग्यांचंही तेच: ‘एक… दोन…’ आणि थांबा.

मग बरणी. खाऊ दाखवायचा, झाकण घट्ट लावायचं, बरणी मुलाच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. मुलाला खाऊ हवा आहे हे सगळ्यांना कळतंच. बघायचं असतं ते मागतं कसं. बरणीकडे, मग तुमच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा बरणीकडे बघून ‘ऊं’ करणारं, बरणी पुढे करणारं मूल एक शब्दही न बोलता पुष्कळ काही सांगत असतं. दुसरं मूल तुमचं मनगट धरतं, तुमचा हात उचलून झाकणावर ठेवतं, आणि या सगळ्यात एकदाही वर चेहऱ्याकडे बघत नाही. तिसरं बरणी फिरवत आतले कुरमुरे घरंगळताना बघत राहतं आणि खायचंच विसरतं. जाणकार डोळ्याला या तीन उत्तरांतला फरक मोठा असतो. म्हणूनच त्या क्षणी घाईने बरणी उघडून दिलीत तर सत्रातला सर्वांत मोलाचा अर्धा मिनिट वाया जातो.

शेवटी मिनिटभर तुम्ही मुलाकडे दुर्लक्ष करायचं. ते तुम्हाला पुन्हा खेळात ओढायला येतं का, हे त्यात दिसतं.

माझं मूल कॅमेऱ्यासमोर नेमकं काहीच करणार नाही. मग?

ते चालतं. या तपासणीत मुलाने हुशारी दाखवायची नसते, म्हणून नापास होण्याचा प्रश्नच नाही. सत्रानंतर डॉक्टर विचारतील, ‘आज दिसलं ते रोजच्यासारखंच होतं का?’ त्याचं खरं उत्तर द्या. त्याशिवाय आठवडाभरात एक-दोन मिनिटांचे काही व्हिडिओ काढून ठेवा: जेवताना, शेजारचं मूल आल्यावर, बाबा कामावरून घरी आल्यावर, आणि ज्या वागण्याने तुम्ही अस्वस्थ होता ते वागणं. आंघोळीचे किंवा अंगावर कपडे नसतानाचे व्हिडिओ पाठवू नका.

मूल आजारी असेल, ताप असेल, रात्रभर जागलं असेल तर सत्र सरळ पुढे ढकला.

आजी-आजोबांनी हजर राहावं का?

मुलाला दिवसभर सांभाळणारी आजी असेल तर बोलण्याच्या भागात त्या हव्यातच. आईबाबांना संध्याकाळचं मूल माहीत असतं, आजींना दिवसभराचं. खेळाच्या भागात मात्र खोलीत एक, फार तर दोन मोठी माणसं. ‘अगं, तो बघतो की, तू नीट हाक मार’ असं बाहेरून कोणी म्हणालं की मूल त्या आवाजाकडे वळतं आणि ते निरीक्षण बाद होतं. ‘आमच्या घरात मुलगे उशिराच बोलतात’ हेही डॉक्टरांना जरूर सांगा, कुटुंबाचा इतिहास म्हणून ते उपयोगी आहे. पण त्या वाक्यावर तपासणी वर्षभर लांबवू नका. उशिरा बोलणारं पण बाकी सगळं बोटाने, डोळ्यांनी, चेहऱ्याने सांगणारं मूल वेगळं, आणि न बोलणारं व दुसऱ्या कोणत्याच मार्गाने न सांगणारं मूल वेगळं.

गुण कसे देतात?

टेली-एएसडी-पेड्समध्ये सात गोष्टींना १ ते ३ गुण असतात: दुसऱ्याला उद्देशून काढलेले आवाज व शब्द, सहज आणि वारंवार दिलेली नजर, नजर-हावभाव-आवाज यांची सांगड, वेगळे आवाज, खेळातला तोचतोचपणा, शरीराच्या पुनःपुन्हा होणाऱ्या हालचाली, आणि वस्तूंना विचित्र पद्धतीने हुंगणं-चाटणं-न्याहाळणं किंवा संवेदनांना वेगळा प्रतिसाद. बेरीज ७ ते २१ मध्ये येते. ११ किंवा अधिक असेल तर ऑटिझमची शक्यता बरीच वाढते. निदान मात्र केवळ या आकड्यावर होत नाही. पूर्वेतिहास आणि रोजचं वागणं जोडून डॉक्टर ठरवतात. लक्षणं ठळक असतील तर व्हिडिओवर निर्णय सोपा जातो. सौम्य असतील, किंवा मूल बऱ्यापैकी बोलत असेल, तर ती स्क्रीनवर निसटू शकतात.

कोणत्या मुलांना प्रत्यक्षच दाखवावं लागतं?

आलेले शब्द किंवा कौशल्यं गेली आहेत, झटके येतात किंवा क्षणभर शून्यात हरवल्यासारखं होतं, चालायला फार उशीर झाला, अंग ढिलं किंवा ताठ वाटतं, डोक्याचा घेर फार लहान-मोठा आहे, त्वचेवर पांढुरके चट्टे आहेत, दिसण्याबद्दल शंका आहे: यातलं काहीही असेल तर मुलाला हात लावूनच तपासायला हवं. घेर टेपने मोजावा लागतो, चट्टे विशेष दिव्याखाली बघावे लागतात. कॅमेऱ्याला हे जमत नाही.

आणि कान. ऑटिझमची शंका असलेल्या, बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी करावी, मूल पंख्याच्या आवाजाला किंवा जाहिरातीच्या संगीताला दचकत असलं तरीही. काही आवाज ऐकू येतात, काही नाहीत, असं होऊ शकतं. ओएई आणि बेरा या चाचण्या मूल झोपेत असताना होतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणीची सोय आहे.

रक्तातलं लोह आणि बी-१२ यांच्याबद्दलही डॉक्टरांना विचारा, विशेषतः आई शाकाहारी असेल आणि मूल दीड वर्षानंतरही मुख्यतः अंगावरच्या दुधावर असेल तर. बी-१२ च्या तीव्र कमतरतेत मूल मंदावतं, हसणं-खेळणं कमी होतं, शिकलेलं मागे जातं. हे वेळेत ओळखलं तर त्यावर औषध आहे.

मोबाइल बघून बघून असं झालं असेल का? बंद केला की ठीक होईल ना?

मोबाइलमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे मान्य निदान नाही. मात्र रोज तीन-चार तास स्क्रीनसमोर गेले तर माणसांशी देवाणघेवाणीचे तेवढे तास बुडतात आणि बोलणं मागे पडू शकतं. म्हणून स्क्रीन आजच बंद करा आणि तपासणीची वेळही आजच घ्या. ‘आधी तीन महिने मोबाइल बंद करून बघू’ म्हणत तपासणी थांबवणं ही आम्हाला वारंवार दिसणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

गावात नेट चालत नाही. काय करता येईल?

जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून ही केंद्रं उभी राहिली. तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते. त्याच कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. सेविकाताईंना तुमची शंका आधीच सांगून ठेवा, म्हणजे मुलाचं नाव यादीत येईल. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर मोफत सल्ला मिळतो. पहिलं बोलणं आणि चिठ्ठी यासाठी ती उपयोगी आहे, पण वर सांगितलेलं पूर्ण सत्र तिच्यावर होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिसरा मार्ग म्हणजे जवळच्या चांगल्या नेट असलेल्या आरोग्य केंद्रात बसून तज्ज्ञांशी जोडून घेणं, किंवा घरी व्हिडिओ काढून नेट मिळेल तिथून पाठवणं.

कायद्याने हे चालतं का? परदेशातून भारतातल्या डॉक्टरांना दाखवता येईल का?

भारतात २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालतं. मूल अल्पवयीन असल्याने ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती सोबत असणं आवश्यक आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सत्राचं रेकॉर्डिंग होणार असेल तर ते कोण बघणार, किती दिवस राहणार हे लेखी घ्या, आणि नको असेल तर नाही म्हणा.

ही तत्त्वं भारताच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. परदेशातल्या मराठी कुटुंबांना तिथल्या सेवा आणि विमा यांसाठी तिथलंच निदान लागतं. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलाला ‘अर्ली इंटरव्हेन्शन’साठी पालक स्वतः नोंदवू शकतात, त्यासाठी आधी ऑटिझमचं निदान लागत नाही. तपासणीच्या वेळी मुलाशी मराठीतच खेळा आणि दुभाषी मागा. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, तेव्हा घरातली मराठी बंद करू नका.

ऑनलाइन रिपोर्टवर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, पण तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात, मूल समोर ठेवूनच होते. तिथे आयसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ७० पासून पुढे ऑटिझम धरतात. ऑनलाइन रिपोर्ट सोबत न्या, पूर्वेतिहास पुन्हा सांगायचे कष्ट वाचतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यासाठी नाव घालता येतं, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत बसतो.

डॉक्टर म्हणाले, ‘आत्ताच नक्की सांगता येत नाही.’ मग पैसे आणि वेळ फुकट गेले का?

नाही. या वयात ते प्रामाणिक उत्तर असू शकतं. पण त्या उत्तरासोबत तीन गोष्टी लेखी मागून घ्या: काय दिसलं आणि काय दिसलं नाही, प्रत्यक्ष तपासणी कुठे आणि किती दिवसांत करायची, आणि तोवर घरी काय करायचं. रिपोर्टमध्ये कोणती पद्धत वापरली आणि तपासणी व्हिडिओवर झाली हेही लिहिलेलं असावं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा पालकांना खेळातून शिकवणारं मार्गदर्शन सुरू करायला पक्क्या निदानाची गरज नसते. पुढे ऑटिझम नाही असं ठरलं तरी त्या कामाने मुलाचं काही बिघडत नाही. पुन्हा बघण्याची तारीख तीन ते सहा महिन्यांच्या आतली घ्या, आणि कॉल संपण्याआधीच ठरवून घ्या.